ऐकलेलं आणि ऐकीव

'एचडी ६०० चांगला की एचडी ६५०?' हेडफोनचं वेड असलेली दोन माणसं एकत्र बसवा, दहा मिनिटांत गाडी या स्टेशनावर येतेच. एक म्हणतो, "सहाशे क्लिअर आहे." दुसरा म्हणतो, "छे, साडेसहाशे वॉर्म आहे, तासन् तास ऐक." तिसरा दोघांनाही गप्प करतो, "अँप नसेल तर दोन्ही फुकट!" वाद रंगतो, चहा गार होतो. पण जरा खोदून विचारा, की बाबांनो, दोन्ही हेडफोन एकाच गाण्यावर, एकाच आवाजात, लागोपाठ कुणी ऐकलेत? बहुतेक वेळा उत्तर येतं ते 'अरे पण सगळे असंच म्हणतात ना' असं.

मराठीत अशा माहितीला फार नेमका शब्द आहे: ऐकीव. जी वस्तू फक्त ऐकण्यासाठीच बनली आहे तिच्याबद्दलची आपली मतंच ऐकीव असावीत, याला काय म्हणायचं?

आधी या जोडीची ओळख करून घेऊ. सेनहायझर ही जर्मन कंपनी. फ्रिट्झ सेनहायझर यांनी १९४५ मध्ये हॅनोव्हरजवळ ती सुरू केली. १९६८ साली त्यांनी एचडी ४१४ हा ओपन हेडफोन बाजारात आणला. ओपन म्हणजे कपाची बाहेरची बाजू बंद नाही, जाळीची. आवाज डबक्यासारखा साचत नाही, मोकळा वाटतो. याच घराण्यात १९९७ मध्ये एचडी ६०० आला आणि २००३ मध्ये एचडी ६५०. दोन्ही कानाभोवती बसणारे, दोन्ही ३०० ओमचे, दोन्ही साधारण २६० ग्रॅमचे. सांगाडा जवळपास तोच, केबलसुद्धा एकाची दुसऱ्याला चालते. फरक आहे तो आतल्या ड्रायव्हरमध्ये आणि डॅम्पिंगमध्ये. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

आता आवाज. एचडी ६०० मध्ये ३-४ हजार हर्ट्झचा पट्टा किंचित पुढे असतो. त्यामुळे गाणाऱ्याचे शब्द, सारंगीवरच्या गजाची घासट, तंबोऱ्याची जवारी जरा जास्त उठून येते. एचडी ६५० मध्ये १००-२०० हर्ट्झचा भाग थोडा भरलेला आणि वरचा भाग थोडा मऊ. डग्ग्याचा घुमारा गोल लागतो, चिरका रेकॉर्डिंगही कानाला टोचत नाही. अगदी खालचा खर्ज दोघांतही उतरत जातो. आणि 'किंचित', 'थोडा' म्हणजे किती? साधारण एक-दोन डेसिबल. बस्स! ज्या फरकावर रात्री जागवल्या जातात तो एवढाच आहे. तो खोटा नाही, ऐकू येतो. पण तो 'जमीन-अस्मानाचा' मुळीच नाही.

मग लोकांना जमीन-अस्मान का वाटतं? कारण इतका लहान फरक झाकून टाकायला चार-पाच गोष्टी टपून बसलेल्या असतात.

पहिली म्हणजे व्हॉल्यूम. एक हेडफोन दुसऱ्यापेक्षा एखादा डेसिबल मोठा वाजला, तर कान 'हा मोठा आहे' असं सांगत नाही, 'हा चांगला आहे' असं सांगतो. बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं, की आवाजाची पातळी बदलली की कानाला खालचे आणि वरचे स्वर वेगळ्या प्रमाणात ऐकू येतात. हळू आवाजात बेस आधी हरवतो. म्हणजे व्हॉल्यूम जुळवला नाही तर आपण दोन हेडफोनची नाही, दोन आवाजांची तुलना करतोय.

दुसरी गोष्ट माहितीपत्रक. एकावर लिहितात ९७ डीबी, दुसऱ्यावर १०२. लगेच निष्कर्ष, की दुसरा ५ डीबीने जोरदार. पण पहिला आकडा १ मिलिवॅटला आणि दुसरा १ व्होल्टला असू शकतो! ३०० ओमला १ व्होल्ट दिला तर ३.३ मिलिवॅट होतात, म्हणजे सुमारे ५ डीबी जास्त. दोन्ही आकडे एकाच हेडफोनचे असू शकतात. फर्स्ट इयरचं इलेक्ट्रिकल इथेच कामाला येतं. तसंच ते '४० हजार हर्ट्झपर्यंत' वगैरे. तरुण माणसाचा धडधाकट कान २० हजारापर्यंत ऐकतो, पुढचं वटवाघळांसाठी.

तिसरी, अँप. या हेडफोनांचा इम्पिडन्स कागदावर ३०० ओम असला तरी १०० हर्ट्झच्या आसपास तो सुमारे ५०० ओमपर्यंत चढतो. जॅकचा आउटपुट इम्पिडन्स शून्याजवळ असेल तर काही बिघडत नाही. पण तो १२० ओम असेल तर? व्होल्टेज डिव्हायडर मांडा: ३०० ला ४२० ने भागा, ५०० ला ६२० ने भागा. खालच्या पट्ट्यात जवळजवळ १ डीबी फुकट वाढलेला दिसेल. म्हणजे एकाने आपला ६०० एका अँपवर ऐकला, मित्राने ६५० दुसऱ्यावर, की अँपचा फरक हेडफोनच्या नावावर खपला. आणि 'अँपशिवाय फुकट' हेही अर्धसत्यच. १ व्होल्ट देणारा साधा जॅक या ३०० ओमना १०० डीबीच्या वर नेऊ शकतो. अर्धा व्होल्टच देणाऱ्या फोनवर हळू रेकॉर्ड केलेली मैफल कमी पडेल, तेव्हा अँप घ्या.

चौथी, पॅड. वापरून वापरून कानाचे पॅड चपटे होतात, ड्रायव्हर कानाच्या जवळ येतो, आवाज बदलतो. पाच वर्षं जुना ६०० आणि खोक्यातून आत्ता काढलेला ६५० यांची तुलना म्हणजे पॅडचीच तुलना.

आणि पाचवी, सगळ्यांची आजी: किंमत. २०१७ मध्ये येरोन ब्रीबार्ट यांनी २८३ हेडफोनची मोजमापं तपासली. किंमत आणि फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स यांत त्यांना कसलाही संबंध सापडला नाही. आपल्याच जोडीचं उदाहरण घ्या. २०१६ मध्ये मासड्रॉपने एचडी ६५० हाच हेडफोन, रंग आणि केबलची लांबी बदलून, एचडी ६एक्सएक्स या नावाने सुमारे २०० डॉलरला विकायला काढला. मूळ ६५० ची छापील किंमत त्याच्या दुपटीहून जास्त होती. आवाज तोच, बिल निम्मं! तरीही 'महाग तो जास्त मोकळा वाटतो' म्हणणारे भेटतातच. वाटतो खरा. पण कानाला नव्हे, खिशाला.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो रास्त आहे. "संगीत आनंदासाठी असतं रे, तिथे कसली मोजपट्टी? मला आवडलं, विषय संपला." मान्य. कुणाला काय आवडावं हे मल्टिमीटर ठरवत नाही. पण 'मला आवडलं' इथेच कोण थांबतं? लगेच 'हाच चांगला, तू पण हाच घे' सुरू होतं, आणि त्या शब्दावर ज्युनिअर आपल्या इंटर्नशिपचे सगळे पैसे ओततो. आवड तुमची आहे. दुसऱ्याला दिलेला सल्ला मात्र तुमचा एकट्याचा राहत नाही. त्याला पुरावा लागतो.

आपल्याला हे नवीन थोडंच आहे? सिनिअरच्या जर्नलमधून रीडिंग उतरवायची, मग आधी ग्राफ काढायचा आणि पॉइंट त्याच्यावर बसवायचे, ही कला आपल्याला शिकवावी लागत नाही. रिव्ह्यूमधली विशेषणं डोक्यात ठेवून हेडफोन ऐकणं म्हणजे तेच. रीडिंग आधी लिहिलं, प्रॅक्टिकल नंतर. अशा प्रॅक्टिकलमध्ये कधी चूक निघत नाही, आणि काही कळतही नाही.

तेव्हा प्रॅक्टिकल खरोखर करू. दोन वेगळ्या कंपन्यांचे हेडफोन डोळे मिटून तपासणं अवघड असतं, कारण डोक्यावर ठेवताच वजन आणि आकार चुगली करतात. पण ६०० आणि ६५० चा सांगाडा जवळपास एकच, म्हणून ही जोडी अशा चाचणीसाठी सोन्यासारखी. कुणाकडे एक असेल, कुणाकडे दुसरा, तर एका संध्याकाळी एकत्र आणा. पॅड सारख्याच वयाचे हवेत. जाड पुठ्ठ्याला मधोमध भोक पाडून त्यात फोनचा माइक बसवा, हेडफोनचा एक कप त्यावर टेकवा, पिंक नॉइज वाजवा आणि अ‍ॅपमध्ये आकडा बघा. आकडा खरा किती याला महत्त्व नाही, दोघांचा सारखा आला पाहिजे. केबल एकच, अँप एकच, गाणं एकच. गाणं नवीन घेऊ नका, शंभरदा ऐकलेलं घ्या. भीमसेनजींचा अभंग असो, किशोरीताईंचा ख्याल असो, नाहीतर तुमचा मेटल बँड. मग तुम्ही डोळे बांधा. मित्राने नाणं उडवून कुठला घालायचा ते ठरवावं, कागदावर लिहावं, तोंडातून शब्द काढू नये. दहा फेऱ्या करा.

दहापैकी पाच-सहा बरोबर आले तर ते नाण्याचं श्रेय, तुमचं नाही. नऊ किंवा जास्त बरोबर येण्याची नुसत्या अंदाजाने शक्यता १०२४ मध्ये ११, म्हणजे सुमारे एक टक्का. तिथे पोचलात तर खुशाल छाती काढून सांगा, 'मला फरक कळतो.' आणि तेव्हा जे विशेषण सुचेल ते तुमचं स्वतःचं असेल.

माझं मत विचाराल तर गाण्यातला गळा ऐकायचा असेल तेव्हा ६००, आणि रात्री उशिरापर्यंत काहीतरी चालू ठेवायचं असेल तर ६५०. पण हॉस्टेलवरच्या माणसाला यातला कुठलाच पहिला हेडफोन म्हणून घे, असं मी सांगणार नाही. ओपन हेडफोनच्या जाळीतून आवाज बाहेर जातो, रूममेटची झोप मोडते. त्याच जाळीतून आपला घरघरणारा पंखा, कॉरिडॉरमधला क्रिकेट आणि मेसच्या भांड्यांचा आवाज आत येतो. एक-दोन डेसिबलचा तो नाजूक फरक पंख्याखाली पार बुडून जातो. मग काय करतो आपण? व्हॉल्यूम वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मानकात ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही मर्यादा आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ८९ डेसिबलला उरतात फक्त पाच तास, म्हणजे एका सबमिशनची रात्रसुद्धा पुरी होत नाही. हेडफोन दुसरा मिळतो. कानाच्या आतल्या पेशी एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

म्हणून म्हणतो, खोलीत राहायचं तोवर आवाज अडवणारा साधा बंद हेडफोन बरा. ६०० आणि ६५० कुणाकडे असतीलच तर मालकाने ते कपाटात ठेवू नयेत. इलेक्ट्रॉनिक्सच्या सरांकडून संध्याकाळपुरती लॅब मिळाली, पंखे बंद केले आणि रांग लावली, तर एका जोडीत निम्मं हॉस्टेल ऐकून होईल. सरांनीही डोळे बांधून बसावं, त्यांचे किती बरोबर येतात हे बघायला आम्हाला आवडेलच!

आणि पुढच्या वेळी चहाच्या टपरीवर कुणी म्हणालं, "साडेसहाशेला तोड नाही," तर वाद घालू नका. फक्त एवढंच विचारा: "दहापैकी किती आले रे तुझे?"