मालमोटारीची पायरी

मालमोटारीच्या अपघाताचा विचार निघाला म्हणजे घाटातले अवघड वळण, निकामी झालेला ब्रेक किंवा पहाटेच्या प्रहरी डुलकी लागलेला चालक डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु गाडी जागच्या जागी उभी असता, इंजिनही बंद असता, केबिनमधून उतरणाऱ्या इसमाचा पाय लोखंडी पायरीवरून निसटावा आणि त्याचा गुडघा वा मणका कायमचा जायबंदी व्हावा, हाही मोटारीचाच अपघात होय, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. त्याचे एक कारण दप्तरी आहे. रस्ते-अपघातांचे जे वार्षिक आकडे सरकार प्रसिद्ध करते, ते सार्वजनिक रस्त्यावरील घटनांचे असतात. वाशीच्या बाजार आवारात किंवा भिवंडीच्या एखाद्या गोदामापुढे बंपरवरून घसरलेल्या क्लीनरचा पंचनामा करण्यास कोण येणार?

वस्तुतः उभ्या मालमोटारीवर माणसांची चढउतार अखंड चाललेली असते. चालक दारापाशी चढतो. क्लीनर काच पुसण्यासाठी पुढच्या बंपरवर उभा राहतो. माथाडी कामगार फाळक्याच्या कडीला, नाहीतर चाकाच्या रबरालाच पाय लावून हौद्यात शिरतो. आणि पावसाची सर आली की कोणीतरी ताडपत्री ओढण्यासाठी घाईने माथ्यावर जातो. यांपैकी बहुतेकांच्या पायांत तळ झिजलेल्या रबरी चपला असतात. टाकी भरताना सांडलेले डिझेल पेट्रोलासारखे चटकन उडून जात नाही. त्याचा पातळ तवंग पायरीवर राहतो, त्यावर धूळ बसते, आणि कोकणात उतरलेल्या गाडीच्या बाबतीत तांबड्या चिखलाचा लेप वर चढतो. त्यात भर म्हणून, दसऱ्याच्या पूजेपूर्वी गाडी सजवावी या निर्व्याज हौसेने बंपरवर ऑइल पेंटचा चकचकीत हात दिला जातो आणि पत्र्याला जो थोडाबहुत खडबडीतपणा उरलेला असतो तोही त्याखाली बुजतो. बंपर हा उभे राहण्यासाठी नव्हेच, असे कारखानदार म्हणेल व ते शास्त्रशुद्धही असेल. पण उंच काचेपर्यंत हात पोचण्याची दुसरी तजवीज जोवर त्याने केलेली नाही, तोवर बंपर ही पायरीच समजली पाहिजे.

यावरचे उपाय जुने, स्वस्त आणि कोणत्याही गॅरेजात होण्याजोगे आहेत. उठावाच्या नक्षीचा जो चेकर्ड पत्रा आपल्याकडे सर्रास वापरतात तो नवा असताना बरा. पण हजारो पावलांखाली त्याचे उठाव झिजून गुळगुळीत होतात, आणि जात्याला जशी वेळोवेळी टाकी लावावी लागते तशी त्याचीही दुरुस्ती करावी लागते, याचा मात्र सर्वांना विसर पडतो. माझ्या मते, जेथे चिखलाचा संबंध येतो तेथे भोके पाडून कडा वर काढलेला दातेरी जाळीचा पत्रा अधिक चांगला, कारण चिखल व पाणी त्यातून खाली गळून जाते आणि चपलेला धरण्यास धार शिल्लक राहते. बंपरसारख्या सपाट जागी खरखरीत कणांची चिकटपट्टी पुरते. तीही न परवडल्यास ओल्या रंगावर चाळलेली बारीक वाळू पेरून वर पुन्हा एक हात द्यावा. मात्र पट्टी तेलकट पत्र्यावर चिकटवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. गंज तारेच्या ब्रशाने काढून, तेल धुऊन, पत्रा पूर्ण कोरडा झाल्यावर, पट्टीचे कोपरे गोल कापून ती दाबून बसवावी, कारण टोकदार कोपराच सर्वप्रथम उचलला जातो. आणि ती पायरीच्या मधोमध लावून समाधान मानू नये. उतरताना पायाचा भार येतो तो पायरीच्या बाहेरच्या कडेवर, तेव्हा ती कड झाकली गेलीच पाहिजे.

अमेरिकेत उंच केबिनच्या मालमोटारींसाठी सप्टेंबर १९८२ पासून असा संघराज्यीय नियम आहे, की चढता-उतरताना माणसाचे निदान तीन अवयव, म्हणजे दोन हात व एक पाय किंवा दोन पाय व एक हात, सदैव गाडीला टेकलेले राहतील इतक्या पायऱ्या व मुठी गाडीला असल्याच पाहिजेत. आपल्याकडे सरकारची दृष्टी मालमोटारीकडे वळतच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. मागच्या बाजूस ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्यास महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ साली मनाई केली. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालमोटारींच्या केबिनमध्ये वातानुकूलन असावे, असा केंद्राचा हुकूम निघाला, आणि तो स्तुत्यच आहे. परंतु ज्या केबिनमध्ये आपण थंडावा नेला, तिच्या दाराशी जाणारी वाट निसरडी ठेवण्यात कोणते शहाणपण?

गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरसाल तिचे पासिंग होते. त्या वेळी परावर्तक पट्टी नसेल तर गाडी अडते, आणि ते योग्यच आहे. त्याच तपासणीत पायरीची पकड पाहिली जावी, एवढीच माझी सूचना आहे. मालक म्हणतील की आणखी एक कलम म्हणजे चिरीमिरीस आणखी एक निमित्त. ही हरकत मला खोटी वाटत नाही, आणि म्हणूनच अमुक कंपनीचीच पट्टी हवी असे फर्मान मुळीच निघू नये. पत्रा दातेरी असो, पट्टीचा असो की वाळूच्या रंगाचा. त्यावर पाणी ओतून वर पाऊल टिकते की नाही, एवढेच निरीक्षकाने पाहावे. मालकांनीही हिशेब करावा: चालक, क्लीनर किंवा गाडीवर चढउतार करणारा कामगार कामावर असताना जखमी झाला, तर नुकसानभरपाईच्या कायद्यान्वये मालकावर जबाबदारी येऊ शकते, आणि सबंध गाडीच्या पायऱ्या व बंपर खरखरीत करून घेण्याचा खर्च एका नव्या टायरच्या किमतीच्या आतच बसतो. परिवहन आयुक्तांनी येत्या पावसाळ्यापूर्वी तसे परिपत्रक काढावे. आणि ज्यांच्या दारी आज गाडी उभी आहे त्यांनी त्या परिपत्रकाची वाट न पाहता हे काम याच महिन्यात उरकून घ्यावे.