नगरमध्ये बघण्यासारखं काय आहे?

हा प्रश्न मला ऑफिसमध्ये अधूनमधून कोणीतरी विचारतंच. शिर्डी, शनिशिंगणापूर करून येताना मंडळी नगरला चहाला थांबतात आणि सुटतात. (२०२४ मध्ये कागदोपत्री अहिल्यानगर झालं, पण आमच्या तोंडात अजून नगरच.) आणि मी, तिथेच वाढलेला माणूस, आजवर बेधडक सांगायचो, "काही नाही रे विशेष."

गेल्या रविवारी आई-बाबा, ताई, दाजी आणि सहा वर्षांची भाची असा सगळा गोतावळा घेऊन गावातल्या गावात सहल काढली. सकाळी रणगाडा संग्रहालय, नंतर फराहबाग.

संग्रहालय सुपरहिट! लष्कराने १९९४ साली सुरू केलेलं. रोल्स रॉईसची जुनी चिलखती गाडी काय, पाकिस्तानकडून जिंकलेला पॅटन काय... दाजींनी एकही रणगाडा फोटोशिवाय सोडला नाही.

मग फराहबाग. 'बाग' म्हटल्यावर भाचीने झोपाळा आणि घसरगुंडी धरली होती. समोर आली एक भलीमोठी, ओकीबोकी अष्टकोनी इमारत आणि भोवती रखरखीत जमीन.

"मामा, बाग कुठाय?"

दाजी म्हणाले, "यासाठी एवढ्या उन्हात आणलंस होय?"

मला उत्तर देता आलं नाही. इंजिनिअरिंगची चार वर्षं मी नगरमध्येच काढली, पण इथे कधी आत पाऊल टाकलं नव्हतं.

रात्री घरी येऊन वाचलं. सलाबतखानाने १५८३ च्या सुमारास, मुर्तजा निजामशहाच्या काळात हा महाल पुरा केला. त्याच्या चारी बाजूंनी तलाव होता, लांबून नळांनी पाणी आणलेलं. म्हणजे आम्ही ज्या रखरखाटाला नावं ठेवत होतो, तो त्या तलावाचाच तळ! तलावात उभं राहून आम्ही 'इथे काहीच नाही' म्हणत होतो.

आता लगेच कोणीतरी म्हणेल, सरकारने लॉन करावं, कारंजी लावावीत, लाइट शो करावा. करू देत. पण आपलं काय? मोबाईल घ्यायचा तर आपण दहा रिव्ह्यू वाचतो. हॉटेलात जायचं तर मेनूचे फोटो आधी बघतो. आणि चारशे वर्षांच्या वास्तूत मात्र कोरी पाटी घेऊन घुसतो, पाच मिनिटांत 'बोअर आहे' असा निकाल देतो. आमच्या भाषेत सांगायचं तर, रिक्वायरमेंट न वाचताच बग टाकतो!

दुसरं उदाहरण. शहराबाहेरच्या डोंगरावरची तीन मजली इमारत, शाळेच्या सहली जातात तो 'चांदबिबी महाल'. ती आहे सलाबतखानाची कबर. ज्याने फराहबाग पुरी केली, तोच हा. त्याच्या कबरीवर बसून आम्ही लहानपणी डबे खाल्ले आणि नाव दिलं चांदबिबीचं.

"सुट्टीच्या दिवशी कसला अभ्यास? रिलॅक्स व्हायला जातो आम्ही." मान्य. प्रबंध लिहा कोण म्हणतंय? गाडीत बसल्यावर दहा मिनिटं वाचा, बास.

कारण बघायचंच असलं तर दगडमातीतही दिसतं. ऑगस्ट १९४२ मध्ये इंग्रजांनी नेहरू, पटेल, मौलाना आझाद यांना नगरच्या भुईकोट किल्ल्यात डांबलं. तिथल्या खडकाळ, भंगाराने भरलेल्या जमिनीत नेहरू फुलांसाठी वाफे खणत बसायचे. खणताना जुन्या बांधकामांचे अवशेष लागायचे, आणि त्यातून त्यांना थेट चांदबिबीपर्यंतचा काळ दिसायचा. त्याच कैदेत १९४४ मध्ये त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. कैद्याच्या हातात कुदळ होती. आपल्या हातात अख्खं इंटरनेट आहे, आणि आपल्याला दिसतं काय? 'काही नाही विशेष.'

भाचीला फोन करून तलावाची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मग परत जाऊया ना!" दाजींचा अजून होकार आलेला नाही :)

तर यापुढे कोणी विचारलं, नगरमध्ये बघण्यासारखं काय आहे, तर मी उलट विचारणार आहे: तू काय वाचून निघालायस?