अंधाराची साक्ष

पोलिसांनी गाडी थांबवली ती चालकाच्या चुकीमुळे, की त्याच्या वर्णामुळे? अमेरिकेत हा वाद जुना आहे. कृष्णवर्णीय चालक आपला अनुभव सांगतात आणि तो अपवाद ठरवून बाजूला सारला जातो. मग निवाडा कशाच्या आधारे करायचा?

जेफ्री ग्रोगर आणि ग्रेग रिजवे यांनी २००६ साली एक साधी कसोटी मांडली. संध्याकाळचे सात उन्हाळ्यात उजेडाचे असतात, हिवाळ्यात काळोखाचे. वेळ तीच, रहदारीही साधारण तशीच. मात्र काळोखात चालकाचा वर्ण ओळखणे कठीण होते. २०२० साली स्टॅनफर्डच्या नेतृत्वाखालील संशोधकांनी जवळपास १० कोटी नोंदी अभ्यासताना हीच कसोटी वापरली. अंधार पडल्यावर थांबवलेल्यांमध्ये कृष्णवर्णीयांचे प्रमाण घटलेले दिसले. झडतीसाठीही कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक चालकांबाबत तुलनेने कमी संशय पुरेसा ठरत होता. कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन राज्यांत गांजा कायदेशीर झाल्यावर झडत्या कमी झाल्या, पण ही तफावत उरलीच.

माझ्या मते यातील खरा धडा नोंदींचा आहे. थांब्यांची वेळ, ठिकाण यांसारखे तपशील लिहिले गेले, म्हणूनच तक्रारीला पुरावा मिळाला. आपल्याकडील नाकाबंदीतही नाव, वेश वा भाषा पाहून वागणूक बदलते का, हे तपासायचे असेल, तर अशा नोंदी निनावी स्वरूपात अभ्यासकांना खुल्या हव्यात. प्रामाणिक पोलिसालाही त्यांचाच आधार मिळेल. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी ही मागणी आपली मानावी.