दीड लाखाचं तिकीट आणि ड्रायव्हरची झोप

मागच्या आठवड्यात भाचा आला. न्यू जर्सीला असतो, तीन वर्षांनी आला. विमान रात्री पाऊणला मुंबईत उतरणार होतं. आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे ताई, दाजी, मी आणि गावातलीच भाड्याची गाडी, अशी वरात विमानतळावर. बॅगा मिळून बाहेर पडायला त्याला सव्वादोन झाले. गळाभेटी झाल्या, ताईचं रडून झालं आणि अडीचला कराडकडे निघालो.

घाट उतरताना नाही, चढतानाही नाही. पुणं मागं पडलं, शिरवळच्या अलीकडे सरळ, मोकळ्या रस्त्यावर गाडी हळूच डावीकडे सरकायला लागली. पुढे उसाचा ट्रेलर, मागचा दिवा नसलेला. मी ओरडलो. ड्रायव्हरने स्टेअरिंग ओढलं. हातभर अंतर राहिलं असेल. "काय नाही दादा, जरा डोळा लागला," म्हणाला. पुढे खंबाटकीचा घाट होता. मी गाडी ढाब्यावर घ्यायला लावली.

चहा पिताना त्याला विचारलं, कधीपासून जागा आहेस? हिशोब केला तर अंगावर काटा आला. आदल्या दिवशी पहाटे पाचला उठून शाळेची ट्रीप मारली. दुपारी दोनला आम्हाला घेऊन निघाला. रात्री पार्किंगमध्ये डास मारत बसला. म्हणजे पहाटे पावणेसहाला तो जवळपास 25 तास जागा होता. हे आमच्यापैकी एकानेही आधी विचारलं नव्हतं. मीही नाही. आणि मी पत्रकार! अपघाताच्या बातम्या लिहितो, "चालकाचे नियंत्रण सुटल्याने" हे वाक्य किती वेळा टाइप केलंय त्याला गणती नाही. नियंत्रण का सुटलं, हे फार कमी वेळा विचारलंय.

सलग 17 तास जागं राहिलेल्या माणसाचं भान, 100 मिलीलीटर रक्तात 50 मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्या माणसाइतकं खाली येतं, हे अभ्यासातून दिसलेलं आहे. आपल्या कायद्यात गाडी चालवताना मर्यादा 30 मिलिग्रॅमची आहे. म्हणजे ड्रायव्हर प्यायला असता तर आपण गाडीत बसलो नसतो. झोपेच्या नशेत आहे, तर मात्र त्याच्या भरवशावर मागच्या सीटवर आपण घोरत पडतो. त्यात पहाटे दोन ते सहा ही वेळ शरीराच्या घड्याळात सगळ्यात मंद. गाणी मोठ्याने लावा, काच खाली करा, तंबाखू मळा, झोप काही त्याने पळत नाही. झोपेवर औषध एकच, झोप.

बरं, "मामा, मी चालवतो, मला अजिबात झोप येत नाहीये," असं भाचा म्हणालाच. खरंच येत नव्हती. आम्ही मुंबईत गाडीत बसलो तेव्हा त्याच्या शरीराचं घड्याळ संध्याकाळचे पाच दाखवत होतं. तिकडे आत्ता आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. पण हा माणूस घरातून निघून 20 तास उलटलेत, विमानात बसल्या बसल्या डुलक्या घेतल्यात, आणि तीन वर्षं रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवलीय. त्याच्या हातात किल्ली द्यायची? नाही दिली. त्याला राग आला. येऊ दे.

घरी पोहोचल्यावर साडेनऊला, म्हणजे त्याच्या मध्यरात्री, पोहे पुढ्यात असतानाच मान पडली. भेटायला आलेली काकू म्हणाली, "अमेरिकेत राहून आळशी झालाय." आळस नव्हे हो. शरीराचं घड्याळ साधारण दिवसाला एखादा तासच सरकतं. पूर्वेकडे प्रवास केला की जास्तच कुरकुरतं. आठवडा जातोच. सकाळच्या उन्हात फिरवा, जेवण आपल्या वेळेला द्या, दुपारी अर्ध्या तासावर झोपू देऊ नका. पाहुण्यांना दोन दिवस थांबवा. आणि पहिले दोन-तीन दिवस मोटरसायकल, गाडी, काहीही हातात देऊ नका.

आता मुद्द्याचं. 2025 पर्यंत कायदा होता. मोटार परिवहन कामगार कायदा 1961 चा. दिवसाला आठ तास काम, मध्ये विश्रांती, सगळं लिहिलेलं होतं. पण तो मुळात पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला लागू होता. आपल्या गावात एकाच गाडीचा मालक आणि ड्रायव्हर तोच. त्याला ना कायदा, ना सुट्टी. ट्रीप नाकारली तर दुसरा उभाच असतो, आणि गाडीचा हप्ता थांबत नाही. त्याला दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही.

म्हणून माझं म्हणणं दोन बाजूंनी आहे. एक, शासनाकडे आणि विमानतळ चालवणाऱ्यांकडे मागणी. पार्किंगजवळ बाहेरगावच्या ड्रायव्हरला पाठ टेकायला स्वस्तात खाट आणि संडास-बाथरूम हवं. आणि उजाडल्यावर सुटणारी, सातारा-सांगली-कोल्हापूरकडे थेट जाणारी, आधी आरक्षण करता येणारी एसटी हवी. आमदार-खासदारांनी एवढं मनावर घ्यावं.

दोन, आपल्याकडे. तिकिटाला दीड लाख जातात. मग पनवेलला दोन खोल्या घेऊन सकाळी सहा-सातला निघायला तीन-चार हजार जड का व्हावेत? एक खोली ड्रायव्हरची. तेवढं नको असेल तर दुसरा ड्रायव्हर बरोबर घ्या, नाहीतर गाडी ठरवताना एवढं तरी विचारा, "दादा, आज दुपारी झोपलास का?" आणि "नाही" म्हणाला तर भाडं थोडं जास्त देऊन त्याची सकाळची ट्रीप सोडायला लावा.

ढाब्यावर तो बाजेवर पाऊण तास झोपला. ताई कुरकुरली, "घरी सगळे वाट बघतायत." म्हटलं, बघू देत. तीन वर्षं बघितली, अजून पाऊण तास बघतील.

सुट्टीत ज्यांच्याकडे कोणी येणार आहे, त्यांना ही पोस्ट पाठवा. आणि तुमच्या गाडीचाही असा कधी "डोळा लागला" असेल तर खाली लिहा. लाजू नका.