डोंगरावर पहारा कुणाचा?

गेल्या महिन्यात एका दोस्ताच्या खोलीवर वाचन झालं. दहा बाय बाराची खोली, माणसं चौदा. दोस्त कादंबरी लिहितोय. आत्मकथन नाही, कवितेचं बाड नाही, कादंबरी. आणि तीही आपल्या पृथ्वीवरची नाही. पठ्ठ्यानं अख्खी दुनियाच नवी बनवलीय. तिला दोन चंद्र. तिची नाणी वेगळी, शिव्या वेगळ्या. वाचायच्या आधी त्यानं ड्रॉइंग पेपरवर काढलेला नकाशा भिंतीला चिकटवला. मधोमध उभी डोंगराची रांग. रांगेच्या पश्चिमेला शहरं, ग्रंथ, उजळ माणसं. पूर्वेला काळ्या मातीतली, चामडं कमावणारी, गाणी म्हणणारी माणसं. ही दुसरी म्हंजे आपण, हे कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. शेवटी बंड होणार आणि ती डोंगर ओलांडणार, हेही दिसत होतं. पोरांनी वा वा केलं. नकाशाचे फोटो काढले.

मी विचारलं, "हा डोंगर इथं कुणी ठेवला?"

"कुणी ठेवला म्हंजे? डोंगर आहे तो. नैसर्गिक सरहद्द आहे."

"मग पूर्वेचं चामडं पश्चिमेला जातं कसं? का तिकडचे लोक अनवाणी फिरतात?"

सगळे हसले, दोस्त नाही हसला. म्हणाला, "तू गोदीतला माणूस. तुला सगळीकडं मालच दिसतो."

ते खरंच आहे. मला मालच दिसतो. पण त्या दिवसापासून डोक्यात भुंगा लागलाय, म्हणून हे लिहितोय. आपल्यातली बरीच पोरं आता काल्पनिक जगाच्या कथा लिहायला लागलीत. आनंद आहे. आपण फक्त आपलंच दुःख सांगावं आणि कल्पनेची मक्तेदारी पांढरपेशांकडं राहावी, असं कुणी ठरवलं? पण नवी दुनिया बनवताना जुन्या दुनियेचा चोरटा माल तिच्यात उतरतोय का, हे बघायला नको?

शाळेच्या भूगोलात समुद्र ही नैसर्गिक सीमा. मी मार्क मिळवले त्या उत्तरावर. मग गोदीत लागलो आणि कळलं की समुद्राच्या अंगानं कसलाही बावटा लावलेलं जहाज आत येतं, त्याला समुद्र अडवत नाही. अडतो मी. रस्त्याच्या अंगाला भिंत आहे, भिंतीला गेट आहे, गेटावर पास. आमच्या कामात समुद्र म्हंजे रस्ता आणि जमिनीवर आहे ती सरहद्द.

या मुंबईचंच बघा. सात बेटं, मधे खाड्या. निसर्गानंच घातलेली हद्द म्हणायची! कंपनी सरकारला आणि व्यापाराला अडचण झाली तेव्हा १७८४ च्या सुमाराला वरळीची खिंड हॉर्नबी वेलार्ड घालून बंद केली. पुढं खाड्या भरत गेल्या टोपली टोपलीनं. टोपल्या ज्यांच्या डोक्यावर होत्या त्यांची नावं कुठल्या दगडावर कोरलेली मला अजून दिसली नाहीत. १८८० साली प्रिन्सेस डॉक सुरू झाला. त्याचं खोदकाम करताना समुद्राच्या चिखलाखाली बुडालेलं जंगल सापडलं, झाडांचे बुंधे मुळांवर उभे. म्हंजे जिथं समुद्र 'होताच' असं सगळे धरून चालले होते, तिथं आधी रान होतं. मग समुद्र आला, मग गोदी आली, आणि आता तर तो प्रिन्सेस डॉकही बुजवलाय. सांगा, यातली नैसर्गिक सरहद्द कुठली?

कुणी म्हणेल, हे झालं खऱ्या जगाचं. कादंबरीतल्या डोंगराला काय लावतोस? तर दोस्तांनो, काल्पनिक दुनिया नकाशासकट बनवायचा धंदा विलायतेत सुरू झालेला नाही. आपल्याकडच्या भटांनी तो केव्हाच केलाय. विष्णुपुराणाचा दुसरा अंश काढून बघा. सात द्वीपं, प्रत्येकाभोवती एकेक समुद्र. खाऱ्या पाण्याचा, उसाच्या रसाचा, दारूचा, तुपाचा, दह्याचा, दुधाचा आणि सगळ्यांत बाहेर गोड्या पाण्याचा. त्याच्याही पलीकडं लोकालोक पर्वत आणि मग काळोख. कल्पनाशक्ती जबरदस्त, मी नाही म्हणत नाही. पण मजा पुढं आहे. उसाच्या रसाचा समुद्र ओलांडून शाल्मल द्वीपात गेलात की तिथं कपिल, अरुण, पीत, कृष्ण असे चार वर्ण. शाकद्वीपात मग, मागध, मानस, मंदग. पुन्हा चारच. ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य, शूद्र यांचीच तिकडची नावं. दारूचा समुद्र सुचला, तुपाचा सुचला, पण चार वर्णांच्या जागी तीन किंवा पाच काही सुचले नाहीत! एका पुष्करद्वीपात मात्र वर्ण नाहीत, आश्रम नाहीत असं तेच पुराण सांगतं. पुष्करद्वीप कुठं? दुधाच्या समुद्रापलीकडं.

बघा कशी जागा निवडली! समता आहे, नाही असं नाही, पण मधे समुद्र आहे बुवा. निसर्गच आडवा आला त्याला कोण काय करणार? पहारेकरी कुठंच दिसत नाही. तो उभा आहे दुसऱ्या पोथीत, आणि तीही पुराणाच्या आधीची. बौधायनाच्या धर्मसूत्रात माणसाला पतित करणाऱ्या कर्मांत समुद्रप्रवास घातलाय. एका पोथीत समुद्र काढायचा आणि दुसरीत तो ओलांडणाऱ्याला प्रायश्चित्त सांगायचं. दोन पोथ्या शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय ही लबाडी कळत नाही.

मला एवढंच म्हणायचंय. लेखक जेव्हा नैसर्गिक सरहद्द काढतो तेव्हा बहुतेक वेळा त्यानं पहारेकरी लपवलेला असतो. त्याला शोधा.

इंग्रजी मला दमानं वाचावं लागतं, फुटपाथवरची डिक्शनरी मांडीवर घेऊन. टोल्किनचं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) मी आधी सिनेमात पाहिलं, मग नकाशा बघितला. दुष्टांचा मुलूख मॉर्डोर. त्याला तीन बाजूंनी डोंगर, आणि कोपऱ्यात ते डोंगर गवंड्याच्या गुण्यात बसवल्यासारखे काटकोनात मिळतात. असा डोंगर कुठल्या धरणीमातेनं उचलला असेल? आत ऑर्क. त्यांची आई कुठं दिसत नाही, पोरं दिसत नाहीत. डोंगराच्या त्या बाजूला आहेत म्हणून वाईट, आणि वाईट म्हणून त्या बाजूला. तरी म्हातारा एका ठिकाणी खरं बोलून गेलाय. डोंगरातल्या खिंडीवर जो किरिथ उंगोलचा बुरूज आहे, तो मुळात 'चांगल्या' गॉन्डोरच्या माणसांनी बांधलेला, आतल्यांना आतच ठेवण्यासाठी. म्हंजे डोंगर पुरला नव्हता. वरती पहारा बसवावाच लागला.

जॉर्ज मार्टिनच्या कादंबऱ्यांत (पहिली १९९६ ची) लपवाछपवी नाही. सरळ बर्फाची भिंत, सातशे फूट उंच. उत्तरेला जे राहिले ते रानटी. भिंत उभी राहिली तेव्हा त्यांचे पूर्वज त्या बाजूला होते, एवढाच त्यांचा गुन्हा. ती माणसं स्वतःला मुक्त लोक म्हणवतात. मला खरं थांबवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. त्या भिंतीवर पहारा कुणाचा? चोरांचा, औरस नसलेल्या पोरांचा, ज्यांना दक्षिणेत कुणी दारात उभं करत नाही त्यांचा.

हे वाचलं आणि मला माझा पणजा आठवला. तो वेसकर होता. गावाची वेस राखायची, रात्री दार लावायचं, परक्याला हटकायचं. शिवेचा तंटा पडला की साक्ष महाराची. कुठल्या दगडापासून कुठल्या बांधापर्यंत गाव, हे त्यानं सांगायचं आणि पाटलानं मानायचं. अख्ख्या गावाची हद्द ज्याच्या पायाला पाठ होती त्याचं घर हद्दीबाहेर. १९५८ च्या कायद्यानं वतनं गेली. बाबासाहेबांनी किती वर्षं त्यासाठी डोकं फोडलं होतं! गावकूस तर आईच्या गावात कुणी पाहिलेलंही नाही, माती केव्हाच पावसात गेली. पण वस्ती अजून पूर्वेलाच आहे. वारा पश्चिमेकडून येतो, तो आमच्या अंगावरून गावाकडं जाऊ नये म्हणून. ओढ्याला आमचा पाणवठा खालच्या अंगाला. आता वारा नैसर्गिक, पाण्याचा उतार नैसर्गिक. कुणी भूगोलवाला आला तर म्हणेल, वस्तीची रचना निसर्गाला धरून आहे!

म्हणून मला भिंत परवडते. भिंतीला बांधणारा असतो, आणि पाडल्याची तारीख लिहिता येते. तमिळनाडूत मदुराई जिल्ह्यात उथपुरमला दलितांची वस्ती तोडणारी सुमारे सहाशे मीटरची भिंत होती. ६ मे २००८ ला तिचा एक भाग पाडला. डोंगराच्या नावानं अशी तारीख कधी ऐकली काय?

आता ज्या पुस्तकासाठी हे सगळं रामायण लावलं ते सांगतो. उर्सुला ले ग्विन या अमेरिकन बाईची १९७४ ची कादंबरी, 'द डिस्पझेस्ड'. दोन ग्रह. एक श्रीमंत, मालमत्तावाला. दुसरा ओसाड, तिथं बंडखोर जाऊन बिनमालकीचा समाज करून राहिलेत. मधे अंतराळ, याहून मोठी नैसर्गिक हद्द ती काय असणार? पण बाई सुरुवात अंतराळापासून करत नाही. भिंतीपासून करते, आणि ती भिंत आहे बंदराची! मी तर उडालोच. बुटकी भिंत, पोरानं चढून जावी अशी. पलीकडं मालवाहू जहाजं उतरतात, माल देतात-घेतात, त्यांच्या माणसांनी भिंतीच्या अलीकडं पाय टाकायचा नाही. आणि बाई विचारते की या भिंतीनं कोण कोंडलं गेलंय? बंदर आत आहे की सगळा ग्रह आत आहे? पहिल्याच प्रकरणात आपल्यातलाच एक माणूस पलीकडं चाललाय म्हणून ते मुक्त, क्रांतिकारक लोक दगड मारतात आणि त्यात पहाऱ्यावरचा एक जण मरतो. बंडखोरांनीही भिंत घातली हे लिहायला धाडस लागतं. आपल्या चळवळीत किती तुकडे झाले ते मोजा आणि मग ते प्रकरण वाचा.

चायना मिएव्हिल हा इंग्रज. २००९ ची 'द सिटी अँड द सिटी'. यात भिंतही नाही. दोन शहरं एकाच जागेवर, काही गल्ल्या तर दोघांच्या सामायिक. हद्द कशी राखायची? लहानपणापासून शिकवायचं की दुसऱ्या शहराचा माणूस समोरून गेला तरी बघायचा नाही. डोळ्यांनी दिसला तरी मनानं पुसायचा. समीक्षक म्हणाले, काय अद्भुत कल्पना! मला काही अद्भुत वाटलं नाही. आमची आई ज्या बिल्डिंगीत भांडी घासते तिथं तिला वीस वर्षं कुणी पाहिलेलं नाही. आणि बाबुराव बागुलांनी १९६३ लाच दाखवलंय की जात चोरून परगावी रेल्वेच्या नोकरीत गेलेल्या पोराची हद्द त्याच्याबरोबरच गाडीत बसते. तिथं ना नदी ना डोंगर. भाड्याच्या खोलीत, माणसांच्या तोंडात आहे ती.

दोस्ताचं एक म्हणणं मात्र मी खोडत नाही. डोंगरानं फरक पडतो. घाटावरचा आणि कोकणातला भात वेगळा, बोली वेगळी. पण सह्याद्री कधी बंद नव्हता. नाणेघाटात आजही दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणतात. सातवाहनांच्या काळापासून तिथून माल चढतोय-उतरतोय. डोंगर होता, म्हणून तर घाट अडवून बसणाऱ्याची कमाई होती. तेव्हा डोंगर ठेव बाबा, खुशाल ठेव. पण घाट दाखव, घाटात बसलेला दाखव, आणि त्याच्यासमोरून ओझं घेऊन जाणारा दाखव. नाहीतर तुझे काळ्या मातीतले लोक शेवटी डोंगर ओलांडतील तेव्हा वाचक म्हणेल, इतकी वर्षं का नाही ओलांडला? आणि त्याचं उत्तर तुझ्या नकाशानं आधीच देऊन ठेवलंय: त्यांची कुवत नव्हती.

हे मी त्याला तोंडावर बोललो. दोन आठवडे फोन नाही. परवा दुपारपाळी सुटताना गेटासमोरच्या चहाच्या टपरीवर उभा. कागद उलगडला. डोंगर तोच, पण आता त्यात तीन घाट, आणि प्रत्येक घाटाच्या तोंडाशी चौकी. चौकीतला शिपाई पूर्वेचाच ठेवलाय.

"ओझेवाल्याचं नाव काय ठेवू?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, "नावाचं मागनं बघू. आधी त्याच्या पाठीवर किती किलो आहे ते ठरव. चामडं वाळलेलं नेतो का ओलं?"

त्यानं हा विचारच केला नव्हता. चहा गार होईस्तोवर आम्ही हिशेब करत बसलो.