दोष फ्रेमचा की हवेचा?

गेल्या डिसेंबरात २०० किलोमीटरची बीआरएम पूर्ण करून घरी आलो आणि दाराच्या कुलपात किल्ली फिरेना. कुलूप ठीक होतं हो, उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट संपावर गेलं होतं! बीआरएम म्हणजे शर्यत नव्हे. २०० किमीला साडेतेरा तासांची मुदत, त्यात पोचलात की पास. ठाण्याहून निघून पडघा, शहापूर करत कसारा घाट चढायचा, इगतपुरी गाठायची आणि परत. मुदतीत आलो, पण दोन बोटं पुढचे चार दिवस बधिर. सोमवारी ऑफिसात कीबोर्डवर सेमीकोलन दाबताना करंगळी कुठे आहे तेच कळत नव्हतं.

ग्रुपमधल्या मित्रांनी तपासणी न करताच निदान केलं. "अरे, अ‍ॅल्युमिनियम ना तुझी? हाडं खिळखिळी होणारच. कार्बन घे." कार्बन म्हणजे लाखाच्या वर. मी ईएमआयचा हिशोबही करून बसलो. बायकोने फक्त एवढंच विचारलं, "नक्की त्यानेच दुखतंय का?"

प्रश्न अगदी रास्त होता. आमच्या धंद्यात प्रोग्राम हळू चालला तर आधी मोजायचं, मग दुरुस्त करायचं. नुसत्या अंदाजाने कोड बदलणाऱ्या ज्युनिअरला आपण ओरडतो. मग स्वतःच्या सायकलीला वेगळा न्याय का?

म्हणून जरा पुस्तकं उघडली. गंमत अशी की धातू म्हणून अ‍ॅल्युमिनियम पोलादापेक्षा साधारण तिप्पट लवचिक. मग फ्रेम कडक कशी? तर नळ्या जाड व्यासाच्या घेतात म्हणून. पत्र्याची जाडी तीच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला, तर तिचा वाकायला विरोध आठपट होतो. म्हणजे कडकपणा धातूपेक्षा नळीच्या आकाराचा. शिवाय सायकलची फ्रेम म्हणजे त्रिकोणांची जोडणी. रेल्वेच्या जुन्या लोखंडी पुलांवर त्रिकोण का असतात? वाकू नये म्हणून! त्यामुळे फ्रेम कुठल्याही धातूची असो, खालून धक्का बसला की उभ्या दिशेने ती फार तर मिलिमीटरभर दबणार. टायर मात्र त्याच्या कितीतरी पट दबतो. एकावर एक दोन स्प्रिंगा ठेवल्या तर जवळजवळ सगळं काम मऊ स्प्रिंग करते, हे आपण अकरावीत शिकलोय. आणि आम्ही भांडत बसलोय कडक स्प्रिंगेवरून!

१८८८ साली बेलफास्टमध्ये डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकीला हवेचे टायर बसवले, ते धक्के कमी व्हावेत म्हणूनच. ती हवा आम्ही इतकी ठासून भरतो की टायर पुन्हा लाकडासारखा होतो.

मी २५ मिमीच्या टायरात ११० पीएसआय भरत होतो. का? तर टायरवर कमाल आकडा जवळपास तेवढा छापलाय! डोंबिवलीतल्या सायकलवाल्या काकांनी टायर अंगठ्याने दाबून पाहिला आणि म्हणाले, "साहेब, यावरून मालगाडी न्यायचीय का?"

मग एका रविवारी पहाटे प्रयोग केला. डोंबिवलीहून कल्याण-शीळ रस्त्याने शिळफाटा आणि परत, दोनदा. आधी ११० पीएसआय, नंतर मागे ८५ आणि पुढे ७५. काँक्रीटच्या पट्ट्यांचे सांधे पहिल्या फेरीत ठक ठक मनगटात येत होते, दुसऱ्या फेरीत धप धप झाले. वेळेत फरक एका मिनिटाच्या आत. पुढे २८ मिमीचे टायर घातले. रुंदी तीनच मिमीने वाढली, पण हवेची जागा सुमारे २५ टक्क्यांनी वाढली, म्हणून हवा आणखी थोडी उतरवता आली. फेब्रुवारीत त्याच फ्रेमवर पुन्हा २०० किमी केले. घरी आलो, कुलूप एका झटक्यात उघडलं.

आता प्रामाणिकपणे सांगतो, सगळं श्रेय हवेचं नाही. हँडल थोडं वर घेतलं, जाड टेप गुंडाळली, तळहाताची जागा बदलत राहायची सवय लावली. करंगळीची नस तळहाताच्या कडेने जाते, तिच्यावर सतत भार पडला तर कार्बनही वाचवणार नाही. आणि हवा फार उतरवाल तर खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपून शेजारी शेजारी दोन भोकं पडतील. वजन बघून पाच-पाच पीएसआयने खाली या. कार्बनची लवचिक सीटपोस्ट बसवली तर फरक पडतो, तेही मान्य. पण तिच्यासाठी अख्खी सायकल बदलायची गरज नसते.

तेव्हा माझं मत सरळ आहे. ज्याला हौस आहे त्याने कार्बन जरूर घ्यावी, हौसेला मोल नसतं. पण "अ‍ॅल्युमिनियमवर लांबचा पल्ला जमत नाही" असं नवख्या पोरांना सांगू नका. मोठ्या कष्टाने पैसे साठवून पहिली रोडबाईक घेतलेला पोरगा हे ऐकून सायकल गॅलरीत टांगतो. त्याला टायरची एक जोडी आणि गेज असलेला पंप पुरला असता.

राहता राहिला रस्ता. २०१८ च्या पावसाळ्यात एकट्या कल्याणात खड्ड्यांनी काही जणांचे जीव घेतले. तिथे २८ मिमी काय आणि ३२ काय! आपण धातूवरून वाद घालतो, कारण फ्रेम आपल्या खिशातून बदलता येते. रस्ता नाही येत. त्यासाठी ओरडावं लागतं, आणि तेही ग्रुपवर नाही, पालिकेत.

असो. उद्या पहाटे निघणार असाल तर आज रात्री हवा तपासा. अंगठ्याने नको, गेजने.