चौथऱ्यावर दोघांचीही नावे कोरा

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत उषवदाताने आपले दान कोरून ठेवले. पत्नी दक्षमित्रेने दिलेल्या खोलीचा लेख मात्र वेगळा, तिच्या नावाने. पण डोंगर फोडणारे हात कुणाचे? त्या लेखांत त्यांची नावे नाहीत. देणारा राहतो, घडवणारा पुसला जातो. श्रमाकडे पाहण्याची हीच जातीय नजर आहे.

आज वेगळे काय आहे? पुतळ्याच्या कोनशिलेवर मंत्री, महापौर, नगरसेवक. शिल्पकार कोपऱ्यात किंवा गायब. संसदेच्या आवारात १९६७ साली बसवलेला बाबासाहेबांचा पुतळा बी. व्ही. वाघ यांनी घडवला, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

याच शहरातले मदन आणि अरुणा गर्गे हे शिल्पकार दाम्पत्य. मुलगा श्रेयसही शिल्पकार. अरुणाताईंची ओळख 'शिल्पकाराची पत्नी' नव्हे, शिल्पकार हीच आहे. नाहीतर एकाच मातीत हात घालून पुरुष करतो ती कला आणि बाई करते ती मदत, असे सर्रास ठरते.

सुरुवात आपल्या जयंती समित्यांनी करावी. पुतळा बसवाल तेव्हा उद्घाटकाआधी घडवणाऱ्यांची नावे कोरा. बाईचे स्वतंत्र, ओतकाम करणाऱ्या कामगाराचेही.

जयभीम!